औत उचलण्याचा प्रश्न

शेतीच्या इतिहासावर लिहिणारे ग्रंथकार बहुधा जमिनीत शिरणाऱ्या फाळाविषयी भरभरून लिहितात. तो फाळ जमिनीतून वर कोणी काढला, याची चौकशी करण्याच्या भरीस सहसा कोणी पडत नाही. वास्तविक नांगऱ्याच्या मेहनतीचा मोठा वाटा या दुसऱ्या कामात खर्ची पडतो. तास संपला, बांध आला, की औत उचलावयाचे, बैल वळवावयाचे आणि नव्या तासाच्या तोंडाशी ते पुन्हा टेकवावयाचे. हा क्रम दिवसभर चालू असतो. ओढण्याचे काम बैलाचे आणि उचलण्याचे माणसाचे, अशी ही जुनी वाटणी आहे. बैलाच्या कामाचा भार यंत्राने आपल्या शिरावर घेतल्याला आज शतकाहून अधिक काळ लोटला. माणसाच्या वाट्याच्या कामाचा भार मात्र यंत्राने बराच उशिरा आणि काहीशा अनिच्छेनेच उचलला. तो कसा उचलला, हे या लेखात सांगण्याचा आमचा विचार आहे.

विषय दिसावयास शेतकऱ्याचा असला, तरी शहरवासी वाचकांनी तो परका मानू नये. गिरगावातील, दादरमधील किंवा परळ-लालबागमधील कितीतरी कुटुंबांची कोकणात वा घाटावर थोडीबहुत जमीन असते. बैल ठेवणे परवडत नाही, गडी मिळत नाही, म्हणून एखादा लहान ट्रॅक्टर घ्यावा, असा विचार घरात निघतो. मग मंडळी अश्वशक्ती किती आणि किंमत किती, एवढे दोन प्रश्न विचारून परत येतात. औत उचलण्याची सोय कोणत्या जातीची आहे, हा तिसरा प्रश्न विचारावयाचा राहून जातो. आणि पुढील पंधरा-वीस वर्षे घरातील कोणाच्या तरी कमरेला त्याचे उत्तर द्यावे लागते.

प्रथम बैलांच्या काळाचा हिशेब पाहू. एक एकराचे चौकोनी शेत घेतले, तर त्याची बाजू सुमारे ६४ मीटर भरते. नांगराचा तास वीतभर, म्हणजे सुमारे २० सेंटिमीटर रुंद धरला, तर येरझारांनी ते शेत नांगरून काढण्यास ३०० हून अधिक तास घालावे लागतात. म्हणजे नांगऱ्याची चाल २० किलोमीटर आणि नांगराची उचल तीनशे वेळा. दर उचलीस केवळ २० किलो वजन हातावर येते असे धरले, तरी एका एकरात सहा टन वजन माणसाने उचलले असा अर्थ झाला. देशावरच्या काळ्या जमिनीत ज्या जड लाकडी नांगरास तीन-तीन, चार-चार जोड्या जुंपीत, तो या हिशेबात आम्ही धरलेलाच नाही.

आपल्या शेतकऱ्याला या प्रश्नाची जाण नव्हती असे मात्र कोणी समजू नये. फाळ किती खोल जावा हे तो जुवापाशी दोर आवळून वा सैल करून ठरवीत असे. कुळवाची पास जमिनीत नीट बसावी म्हणून कुळवावर स्वतः उभा राहत असे, आणि पासेत गवत-धसकटे तुंबली की खाली उतरून कुळव उचलून झाडीत असे. म्हणजे खोली ठरविणे, दाब देणे आणि उचलणे ही तिन्ही कामे त्याने पक्की ओळखली होती. उणीव होती ती तिन्ही एका ठिकाणाहून करणाऱ्या साधनाची. मोटेची रचना पाहिली, तर या बुद्धीची साक्ष पटते. मोटेला दोर दोन असतात. जाड नाडा पाण्याचा सारा भार ओढतो, आणि बारीक सोंदूर मोटेची सोंड वर धरून ठेवतो व थारोळ्यावर येताच ती खाली सोडतो. भार ओढणारा दुवा निराळा आणि नियमन करणारा दुवा निराळा, हे तत्त्व वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याची गाठ पुन्हा पडणार आहे.

आता मुंबईकडे वळू. दाबाखाली कोंडलेला द्रव अचाट शक्तीने वजन उचलतो, हे तत्त्व पास्कलने सतराव्या शतकात सांगितले आणि जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराने १७९५ साली त्यावर चालणाऱ्या दाबयंत्राचे पेटंट घेतले. एकोणिसाव्या शतकात ही विद्या मुंबईत आली ती कापसामागून. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धाने मुंबईच्या कापसास सोन्याचे मोल आले. तो कापूस जहाजात थोड्या जागेत मावावा म्हणून कुलाब्यास गासड्या बांधण्याचे कारखाने होते, आणि तेथे असली दाबयंत्रे कामास लागली. १८८० साली प्रिन्सेस गोदी आणि १८८८ साली व्हिक्टोरिया गोदी खुली झाली. पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या याऱ्या हे त्या काळच्या मोठ्या गोद्यांचे एक प्रमुख अंगच होते. सारांश, वऱ्हाड-खानदेशातील कापूस मुंबईस पोचल्यावर यंत्र त्याला दाबी आणि यंत्र त्याला उचली. परंतु तो कापूस ज्या रानात पिके, तेथे कोळपे आणि कुळव माणूस हातानेच उचलीत राहिला. विद्या होती, यंत्र होते, आणि शंभर-दीडशे कोसांवर गरजही होती. या दोहोंची गाठ पडावयास सुमारे पाऊणशे वर्षे लागली. याचे कारण आमच्या मते असे की, गासडीचा खर्च व्यापाऱ्याच्या वहीत मांडला जाई, नांगऱ्याच्या पाठीचा खर्च मात्र कोणत्याच वहीत मांडला जात नसे.

या शहरातच एका मराठी माणसाने मात्र नांगराचा विचार पुढे गंभीरपणे करावयाची तयारी केली. १८६९ साली जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकला शिकण्यासाठी जे. जे. कलाशाळेत आले, परंतु रंगांध असल्यामुळे त्यांनी रंग सोडून यंत्रचित्रणाची कास धरली आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची नोकरी पत्करली. ही संस्था तेव्हा भायखळ्यास होती. १९२३ साली ती माटुंग्यास गेली आणि आज वीरमाता जिजाबाईंचे नाव धारण करून तेथेच उभी आहे. बढतीच्या वेळी डावलले गेल्यावर लक्ष्मणरावांनी मुंबई सोडली व बेळगावची वाट धरली. तेथे कडबा कापण्याच्या यंत्रानंतर १९०३ च्या सुमारास त्यांचा लोखंडी नांगर तयार झाला. लोखंडाने जमिनीस विष बाधते अशी समजूत असल्यामुळे तो खपावयास पुष्कळ काळ गेला. पण पुढे १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली आणि हा नांगर महाराष्ट्रभर पसरला. त्याने माती उलथण्याचा प्रश्न सोडविला. तासाच्या शेवटी औत हातांनीच पेलावयाचे, हा जुना प्रश्न मात्र जेथल्या तेथेच राहिला.

युरोप-अमेरिकेतही या बाबतीत फारसा उजेड नव्हता. जॉन फाउलर याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वाफेच्या एंजिनाने व तारेच्या दोराने नांगर ओढण्याची युक्ती काढली. त्याच्या नांगराला दोन्ही तोंडांस फाळ असत. एका बाजूचे फाळ जमिनीत असता दुसऱ्या बाजूचे हवेत राहत, आणि शेताच्या कडेस पोचल्यावर सारा नांगर तराजूसारखा उलटा कलता करीत. उचलण्याचा प्रश्न त्याने तोलावर टाकून चुकविला. १९१७ साली हेन्री फोर्डचा फोर्डसन ट्रॅक्टर निघाला तेव्हा नांगर त्याच्यामागे गाड्यासारखा बांधीत. चालकाने दोरी ओढली म्हणजे नांगराच्या चाकाशी असलेली कळ अडके, आणि चाकाच्याच फिरण्याने नांगर वर येई. ही सोय चलाख खरी. पण ट्रॅक्टर थांबला की ती निकामी, आणि चिखलात चाक घसरले तरी निकामी. याहून मोठे संकट असे की, फाळ खडकात अडकला तर ट्रॅक्टरचे पुढले तोंड वर उठे आणि तो चालकाच्या अंगावर मागे उलटे. या प्रकाराने अनेकांचे प्राण गेले.

हे कोडे ज्याने सोडविले तो हॅरी फर्ग्युसन हा आयर्लंडच्या उत्तर भागातील डाउन परगण्यात १८८४ साली जन्मलेला शेतकऱ्याचा मुलगा. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, आयर्लंडच्या शेतीखात्याने त्याला ट्रॅक्टरांची कामे तपासून सुधारणा सुचविण्यास नेमले. नांगर ट्रॅक्टरच्या मागे ओढण्याऐवजी त्याच्या अंगाचाच एक भाग व्हावा, असे त्याच्या मनाने घेतले. त्याचा पहिला नांगर चालक हाताच्या दांड्यानेच उचली, आणि त्या दांड्यास स्प्रिंगचे साह्य असे. पुढील वीस वर्षांत ही कल्पना पिकत गेली. १९२५ साली त्याने आपल्या मुख्य पेटंटासाठी अर्ज केला आणि १९३६ साली डेव्हिड ब्राउन यांच्या कारखान्यात त्याचे ट्रॅक्टर तयार होऊ लागले.

त्याची युक्ती तीन दांड्यांची आहे. खालचे दोन दांडे औत ओढतात. वरचा एक दांडा औताचा कल सांभाळतो. नाडा आणि सोंदूर यांची आठवण वाचकांस येथे व्हावी. फाळास माती जड लागली की औत पुढे कलू पाहते आणि वरच्या दांड्यावर रेटा येतो. तो रेटा एका स्प्रिंगला दाबतो, स्प्रिंग तेलाची झडप उघडते, आणि तेलाच्या दाबाने औत किंचित वर येते. माती हलकी लागताच ते पुन्हा खाली जाते. औताचा व मातीचा भार मागील चाकांवर येऊन त्यांची पकड वाढते, आणि वरच्या दांड्याचा रेटा पुढील चाके जमिनीस दाबून धरतो. त्यामुळे ट्रॅक्टर उलटण्याचे भयही पुष्कळ कमी होते. जो दोर आपला शेतकरी जुवापाशी दिवसातून दहादा आवळी, तो आता क्षणोक्षणी आपोआप आवळला जाऊ लागला. १९३८ च्या अखेरीस फर्ग्युसनने हे हेन्री फोर्डला दाखविले आणि केवळ हातात हात देऊन दोघांचा करार झाला. १९३९ साली त्यांचा ट्रॅक्टर बाजारात आला. थोरल्या फोर्डच्या पश्चात तो तोंडी करार मोडला, फर्ग्युसन न्यायालयात गेला, आणि १९५२ साली फोर्ड कंपनीने त्याला ९२ लाख ५० हजार डॉलर देऊन तडजोड केली. औत उचलण्याच्या कळेची किंमत काय, याचा जगाने केलेला हा पहिला रोख हिशेब म्हणावयास हरकत नाही.

हिंदुस्थानात ही विद्या कारखान्याच्या रूपाने आली तेव्हा मुंबईचा वाटा मोठा होता. १९४७ पासून माझगावात महिंद्र कंपनी जीप गाड्या जुळवू लागली होती. १९५४ साली विंटरथूर येथील फोल्कार्ट बंधू आणि टाटा यांच्या भागीदारीतून व्होल्टास निघाली. तिचे घर लालबागच्या शेजारी चिंचपोकळीस आहे. या दोन कंपन्या आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर अशा तिघांनी १९६३ साली इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी स्थापन केली. १९६५ साली कांदिवलीच्या कारखान्यातून बी-२७५ हा ट्रॅक्टर बाहेर पडला, आणि १९७७ साली ती कंपनी महिंद्रमध्ये विलीन झाली. मद्रासेस टाफे कंपनीने १९६० पासून मॅसी-फर्ग्युसन जातीचे ट्रॅक्टर चालविले ते निराळेच. परंतु हे सारे मोठ्या रानाचे ट्रॅक्टर. दोन-तीन एकरांच्या वाडीवाल्याने काय करावे, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही. इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९६१ साली अमेरिकेत 'कब कॅडेट' नावाचा बागेचा लहान ट्रॅक्टर काढला होता. पण तो तेथील बंगलेवाल्यांचे गवत कापावयाचा. आपल्याकडे पॉवर टिलर आले, आणि अलीकडे पंधरा अश्वशक्तीच्या 'युवराज' सारखे चारचाकी छोटे ट्रॅक्टरही आले. आता निवड करण्याची वेळ खऱ्या अर्थाने आली आहे; म्हणून तिचा विचार थोडा विस्ताराने करू.

लहान ट्रॅक्टरचे औत उचलण्याच्या मुख्य रीती तीन. पहिली हाताच्या दांड्याची. दांडा पाचास एक अशा तोलाचा असेल, तर १०० किलोच्या औतास हाताचा जोर २० किलो लागतो. पण औत वीतभर उचलावयास हात मीटरभर न्यावा लागतो. स्प्रिंग लावली म्हणजे जोर आणखी कमी होतो. या रीतीत गळावयाचे तेल नाही, जळावयाची मोटार नाही, बिघडले तर गावचा लोहार दुरुस्त करतो. हलके कोळपे, लहान फणी, गवत कापण्याचे पाते एवढ्याच कामासाठी हीच रीत उत्तम होय.

दुसरी रीत विजेची. लहानशी मोटार एक आट्यांचा दांडा फिरविते आणि औत वर चढते. बटणावर काम होते, आणि मोटार थांबली तरी औत आपल्या जागी घट्ट राहते, हा तिचा मोठा गुण. परंतु तिची चाल मंद, आणि सारा भार बॅटरीवर. शिवाय घट्ट राहणे हाच तिचा दोषही आहे. पाते किंवा फळी जमिनीच्या उंचसखलाप्रमाणे आपोआप वरखाली तरंगत राहावी लागते, आणि आट्यांचा दांडा तिला तसे तरंगू देत नाही. मध्ये साखळी किंवा लांब भोकाची पट्टी घातली तरच ते साधते.

तिसरी रीत तेलाच्या दाबाची, जिला आपले शेतकरी 'हायड्रॉलिक' याच नावाने ओळखतात. चार सेंटिमीटर व्यासाच्या दट्ट्याचे क्षेत्र साडेबारा चौरस सेंटिमीटर भरते. तेलाचा दाब चौरस सेंटिमीटरास १०० किलो असला, तर तो साडेबाराशे किलोचा जोर करतो. कळ मात्र दोन बोटांनी हलते. यातही भेद आहे. बहुतेक ट्रॅक्टरांत तेल औत उचलते तेवढेच. खाली ते आपल्याच वजनाने येते. तेव्हा 'हायड्रॉलिक आहे म्हणजे औत जमिनीत दाबलेही जाईल' ही समजूत चुकीची होय. पुढे माती लोटण्याची फळी लावावयाची असेल, तर दोन्ही बाजूंनी जोर करणारा दट्ट्या हवा. तेल स्वच्छ राखणे, वेळेवर गाळणी बदलणे आणि धुळीपासून नळ्यांचे रक्षण करणे, एवढी सेवा ही रीत मागते. न दिल्यास पावसाळ्याच्या ऐन तोंडावर ती रुसते.

यांतून निवडताना तीन हिशेब करावेत, असे आम्ही सुचवितो. पहिला हिशेब वळणांचा. मीटरभर रुंदीचे औत एक एकराच्या सलग शेतात ६४ वेळा उचलावे लागते. तेच शेत गुंठ्यागुंठ्याच्या चाळीस खाचरांत विभागलेले असेल, तर दर खाचरात दहा, म्हणजे एकूण चारशे वेळा. दर उचलीस दहा सेकंद लागले तर एका तासाहून अधिक वेळ नुसता उचलण्यात जातो. तीन सेकंद लागले तर वीस मिनिटांत भागते. म्हणून जमीन जितकी तुकड्यातुकड्यांची, तितकी उचलण्याची सोय चपळ हवी. आम्ही अनेकांना याच्या उलट समजताना पाहिले आहे.

दुसरा हिशेब तोलाचा. ट्रॅक्टरच्या दोन चाकांतील अंतर दीड मीटर आहे आणि १०० किलोचे औत मागील आसापासून पाऊण मीटर मागे टांगले आहे, असे धरा. ते उचलताच पुढील चाकांवरील ५० किलो भार कमी होतो. औत दीड मीटर मागे असेल तर १०० किलो. लहान ट्रॅक्टरचे पुढले अंग मुळातच हलके. मग सुकाणू फिरविले तरी तो वळत नाही, आणि कोकणच्या उतारावर हा खेळ नव्हे. पुढे वजने टांगण्याची सोय नसेल, तर कितीही जोरकस उचलयंत्र व्यर्थ होय. याबरोबरच दांड्यांच्या खिळ्यांचे माप पाहावे. सर्वांत लहान प्रतीत ते १६ मिलिमीटरचे आणि तिच्या वरच्या प्रतीत खालचे खिळे २२ मिलिमीटरचे असतात. शेजाऱ्याचे औत आपल्या ट्रॅक्टरास बसावे अशी इच्छा असेल, तर हे आधीच विचारून घ्यावे.

तिसरा हिशेब माणसांचा, आणि तोच आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गिरणगावातील माणूस कोकणातून वा साताऱ्याकडून आला तेव्हा शेत मागे ओस पडले नाही. ते घरच्या बायकांनी आणि वृद्धांनी चालविले. परळच्या खोलीतून जाणाऱ्या मनीऑर्डरीची कथा पुष्कळांनी सांगितली आहे; ज्यांच्या नावे ती जाई, त्यांनी पेरणी कशी उरकली हे सांगणारे थोडे. नांगरास बाईने हात लावू नये, असा दंडक अनेक ठिकाणी होता. त्यामुळे जमीन तिची, पीक तिचे, पण नांगरटीच्या दिवशी तिला दुसऱ्याच्या गड्याची वाट पाहावी लागे. त्या दंडकास रूढीचा आधार होता, तसाच औताच्या वजनाचाही होता. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि त्यानंतर अनेक जण गावी परतले; परंतु त्यांची पुढली पिढी पुन्हा शहरांकडेच वळली. आज त्या वाड्यांत राहणारी माणसे बहुतांशी वयाने पिकलेली आहेत.

म्हणून मुंबईतील मुलाने ट्रॅक्टर घेताना आपल्या दंडाचे माप लावू नये. तो वर्षातून चार दिवस तेथे जाणार. उरलेल्या दिवसांत साठीच्या आईला किंवा एकट्या वहिनीला ती कळ हलवावी लागणार आहे. तिला जमेल ती निवड खरी. काम हलके आणि तेल-गाळणीची काळजी घेणारे कोणी जवळ नसेल, तर स्प्रिंगचा साधा दांडा घ्यावा; पण तो तिच्या हाताने ओढून पाहावा, आणि मगच घ्यावा. खाचरे पुष्कळ आणि औत जड असेल, तर तेलाच्या दाबाचीच सोय घ्यावी, भले अश्वशक्ती दोनने कमी मिळो. आणि कोणतीही रीत असो, ट्रॅक्टरवरून उतरण्यापूर्वी औत जमिनीवर टेकवावे. उचललेल्या औताखाली हात किंवा पाय घालू नये.

कुलाब्याच्या गासडीला जे बळ दीडशे वर्षांपूर्वी मिळाले, ते गावातल्या घरधनिणीच्या हाताशी आता कोठे येत आहे. इतक्या उशिराने आलेली ही सोय केवळ किमतीच्या यादीतील एक ओळ समजून वगळली जाऊ नये, एवढेच आमचे सांगणे आहे.